मेस्त्री, त्या जुन्या पार्टच्या डब्याबद्दल

मेस्त्री, नमस्कार.

हे पत्र तुमचा पुतण्या तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, तसं त्याला सांगून ठेवलंय. "माझं नाव कुठं टाकू नको, उगंच दुकानात गर्दी" असं तुम्ही म्हणाला होतात म्हणून नाव टाकत नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्या गल्लीत बसता तेही लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण या गाडीपायी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते पण लोकांनी चारचौघांतच ऐकवलं होतं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, गाडी म्हणजे बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल. ४९६ सीसी, एकच सिलेंडर, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क आणि मागे सस्पेन्शन नावाची वस्तूच नाही, सीटखालच्या स्प्रिंगा काय सोसतील तेवढंच. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात दुसऱ्या महायुद्धासाठी या गाड्या सव्वा लाखाच्या आसपास बनल्या, आणि युद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या मालातली एक फिरत फिरत माझ्या आजोबांकडे आली. आजोबा गुरांचे डॉक्टर, कोरेगाव तालुका सगळा त्यांनी हिच्यावर पालथा घातला, रात्री-अपरात्री कुणाची म्हैस अडली की हीच गाडी. ताकद म्हणाल तर जेमतेम १३ हॉर्सपॉवर, आजच्या साध्या दीडशे सीसीच्या गाडीला पण तेवढी असते, पण खालच्या गिअरला हळूहळू चिखलातनं ओढ्यातनं धक धक करत निघते ती अशी की बघत राहावं. कॉम्प्रेशन इतकं कमी की युद्धातल्या हलक्या पेट्रोलवर पण चालायची. आजोबा गेल्यावर ती गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच, घरात कुणाला विकवेना आणि कुणाला चालू पण करता येईना. मग मी ठरवलं.

ठरवल्यावर काय काय झालं ते तुम्हाला तुकड्या-तुकड्यात माहितीये, आज सलग सांगते.

एका मोठ्या शहरातलं, व्हिंटेज गाड्यांचे चकाचक फोटो टाकणारं गॅरेज होतं, त्यांच्याकडे पहिल्यांदा दिली. ॲडव्हान्स घेतला, भरपूर घेतला. मी समोर उभी असताना माझ्या भावाशी बोलायचे, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही हे त्यानंच दोनदा सांगितलं तरी बोलणं त्याच्याशीच. गाडी परत आली तेव्हा टाकी क्रोमची! लष्कराच्या एम२० ला क्रोम कुठलं आलं हो, अख्खी गाडी एका रंगात, युद्धात रबर मिळेना तेव्हा हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आणि फूटरेस्ट नुसत्या लोखंडाच्या करून पाठवलेल्या या गाड्या, आणि यांनी ती लग्नाच्या वरातीला सजवल्यासारखी करून दिली. ते पण सोडलं असतं. पण आजोबांच्या वेळचा मूळ अमल कंपनीचा कार्ब्युरेटर गायब आणि त्याजागी कसलातरी भलताच. विचारलं तर म्हणे "ते भंगारात गेलं मॅडम, खराबच होतं." खराब होतं तर मला दाखवायचं ना, माझ्या हातात द्यायचं ना, माझं होतं ते. आणि एवढं करून गाडीचा आजार होता तसाच. गार असताना झकास चालू व्हायची, पंधरा-वीस मिनिटं पळाली की फुटफुट करून बंद, मग तासभर सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालू.

नंतर जे जे भेटले त्या प्रत्येकाचं औषध वेगळं. प्लग बदला, टाकीत गाळ आहे, पॉइंट घासा, पिस्टन धरतोय. आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी यायचे, की मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र, काढून फेका आणि बुलेटचं कॉइल-बॅटरीचं सामान बसवा. बुलेट चांगलीच गाडी आहे, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, सामान कुठल्याही गल्लीत मिळतं, पण म्हणून प्रत्येक ब्रिटिश गाडीच्या पोटात बुलेटच कोंबायची का? एकानं तर तोंडावर सांगितलं की ही गाडी मेलेली आहे, हॉलमध्ये शोपीस म्हणून ठेवा. त्या रात्री मी खरंच रडले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही मला थांबवलं नाहीत. सगळं ऐकून घेतलंत. मग गाडीपाशी बसून एकच विचारलंत, "गरम झाल्यावरच मरती न्हवं?" मी हो म्हणाले. "मग इंजिनाला कशाला मारतायसा सगळी, इंजिन बरं हाय. मॅग्नेटोच्या पोटात दुखतंय." माझ्याशी बोलत होतात, माझ्याकडे बघून. भाऊ चहा आणायला गेला होता आणि तुम्ही त्याची वाट बघितली नाहीत.

मॅग्नेटोचं काम कसं केलंत ते मी इथं सगळं लिहीत बसत नाही, मला तेवढं कळत पण नाही. एवढं कळलं की कंडेन्सर आर्मेचरच्या, म्हणजे मॅग्नेटोतल्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या आतच बंदिस्त असतो, बाहेरून दिसतच नाही, आणि वायंडिंगवरचं जुनं शेलॅक, म्हणजे लाखेचा थर, तापलं की मऊ पडतं, मग ठिणगी मरते आणि गार झालं की परत येते. म्हणजे गाडी इतकी वर्षं स्वतःच सांगत होती काय होतंय ते, ऐकणारा माणूस भेटत नव्हता. तुम्ही आर्मेचर उघडलंत, वायंडिंग नव्यानं भरलंत, चुंबक पण चार्ज करून घेतलंत.

आणि ते आटे! मागच्या कारागिरांनी इंचाच्या मापाच्या बोल्टांना १४ मिलिमीटरचा पाना घालून घालून त्यांची डोकी गोल केली होती. मला तुम्ही तुमच्या वडिलांच्या वेळचे पाने दाखवलेत, पाव इंच, पाच सोळांश इंच असं कोरलेले, आणि मी फूटपट्टी लावून म्हटलं मेस्त्री हे माप जुळत नाहीये, तेव्हा तुम्ही हसून सांगितलंत की पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा आहे, डोक्याचा नाही. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये या आट्यांचं माप ठरवलं हे मी वाचलं होतं, पण पान्यावरचा आकडा कसा वाचायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. इंचाला २६ आट्यांचे स्टड बाजारात मिळेनात म्हणून लेथवर स्वतः काढून दिलेत.

एक गोष्ट अजून आठवते. तुम्ही टाकीवरचं चिन्ह विचारलंत, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका कशाला म्हणून, आणि मी सांगितलं की कंपनी आधी बंदुकाच बनवायची, बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मग ओघात १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीचं पण सांगितलं, त्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि ५३ कामगार गेले. तुम्ही लेथ बंद केलात आणि विचारलंत, "रातपाळीची माणसं असतील न्हवं?" आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीत. इतक्या लोकांना मी ही गोष्ट सांगितलीये, रातपाळी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

आता डब्याचं. हे सगळं पत्र त्या डब्यासाठीच आहे.

गाडी द्यायच्या दिवशी तुम्ही आधी गाडी दाखवली नाहीत, फळीवरचा श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा काढून माझ्या हातात दिलात. मला वाटलं काही खायचं आहे. उघडला तर आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलनं लिहिलेलं. "कंडेन्सर, मेला." "ब्रश, झिजला." "स्टड, १४ चा पाना लागलाय." आर्मेचरवरून उतरवलेली जुनी काळी पडलेली तार सुद्धा नीट वेटोळं करून. गाडीतून जे जे काढलं ते सगळं, गंजका वायसर पण टाकला नव्हतात. मी म्हटलं मेस्त्री याचं मी काय करू, तर तुम्ही म्हणालात, "काय बी कर. तुझं हाय ते."

आणि तळाला एक कागद होता, नुसता कागद, त्यात गुंडाळलेलं काहीच नव्हतं. त्यावर लिहिलेलं, "किकचा पितळी बुश काढला नाही. कंपनीचा नाही, कुणीतरी हातानं केलाय, पण चोख आहे." तो बुश आजोबांनी कधीतरी साताऱ्यात कुणाकडून करून घेतला असणार, घरात कुणाला त्याचा पत्ता नाही. ज्यानं केला तो माणूस आता असेल की नाही देव जाणे. तुम्ही त्याच्या कामाला चोख म्हणालात आणि जे काढलं नाही त्याची पण मला पावती दिलीत. मेस्त्री, मी गाडी चालू झाल्यावर रडले असं तुमच्या पुतण्याला वाटतंय, पण गाडी चालू व्हायच्या आधीच, तो कागद वाचूनच माझे डोळे भरले होते.

ज्यांनी माझा चांगला कार्ब्युरेटर मला न विचारता लंपास केला त्यांच्या गॅरेजला काचेचं ऑफिस आहे, एसी आहे, कॉफी देतात. तुमच्याकडे बसायला ऑइलचा रिकामा डबा. पण मेलेला कंडेन्सर सुद्धा ज्याचा त्याला परत द्यायचा असतो हे तुम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. ब्लाउजबरोबर उरलेल्या कापडाची घडी घालून परत देणारा शिंपी असतो ना, तसं आहे हे, त्या चिंधीची किंमत काहीच नसते पण गिऱ्हाईक बघत नसताना हा माणूस कसा वागला ते त्या चिंधीवरून कळतं. असे लोक अजून आहेत, डॉक्टरांत आहेत, वकिलांत आहेत, एसटीत राहिलेली पिशवी डेपोत जमा करणारे कंडक्टर आहेत. त्यांची जाहिरात कुणी करत नाही आणि ते स्वतः तर करतच नाहीत, म्हणून मग बाकीच्यांना वाटत राहतं की जग सगळं लबाडच आहे.

बिल तुम्ही पूर्ण घेतलंत. एक रुपया कमी केला नाहीत आणि मी वर काही देऊ लागले तर तेही घेतलं नाहीत. मला ते फार आवडलं. उपकार म्हणून नाही, काम म्हणून केलंत, आणि म्हणूनच मी आज ताठ मानेनं आभार मानू शकते.

गाडीची खुशाली कळवते. त्या दिवशी तुम्ही भर उन्हात पन्हाळ्याचा चढ चढायला लावलात आणि ती कुठंच थांबली नाही, तशीच आता पण चालतेय. कोल्हापूर ते सातारा महामार्गावरनं आले, कराडला चहाला थांबले तेवढंच, आणि गरम इंजिनावर पहिल्या किकेला चालू. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी ॲडव्हान्सची लिव्हर मागे घेते, सिलेंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढं आणते आणि मगच लाथ. आणि बरेच दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतनं खाली इंजिनात उतरतं ते आधी बघते, तुमचा शब्द मोडत नाही. आईला मागच्या सीटवर बसवून कोरेगावात फिरवून आणलं, बाजारपेठेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आवाजावरून विचारलं, डॉक्टरांची गाडी का ही.

त्या हरवलेल्या कार्ब्युरेटरच्या जागी तसाच जुना अमल मी शोधतेय, मिळाला की पार्सल न करता स्वतः घेऊन येते, तुम्हीच बसवायचा. टाकीचं ते क्रोम पण काढून टाकायचंय, तुमच्या ओळखीच्या पेंटरला विचारून ठेवा. आणि डायनॅमो अजून चार्जिंग धरत नाहीये, सहा व्होल्टचा दिवा मिणमिणतो नुसता, त्यामुळे दिवसाउजेडीच निघेन. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात येते, सोमवारी उद्यमनगर बंद असतं ते लक्षात आहे, मंगळवारी दुकानात आहात ना तेवढं पुतण्याला कळवायला सांगा.