नारळ उभा राहतो तेव्हा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बोअरसाठी पाणी कुठं लागेल हे सांगताना तू मशीनचे आकडे दाखवले, नकाशा पुढं ठेवला, तरी लोक पाणाड्यालाच, म्हणजे हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्यालाच विचारतात, म्हणून तू वैतागलीस. फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

आधी पाणाडी फसवतोय हे डोक्यातून काढ. बहुतेक वेळा तो फसवत नसतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो, हे खरंच घडतं. हात आखडलेला असतो, नारळ जेमतेम तोललेला असतो, बोटं केसभर हलली की पुरे. आणि ती आपणच हलवली हे हलवणाऱ्याला कळत नाही. 1853 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं हेच दाखवलं होतं. तेव्हा इंग्लंडात टेबलाभोवती बसून, त्यावर हात ठेवून ते फिरवायचं खूळ होतं. त्यानं टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट गोळ्यांनी अडकवले. टेबल स्वतःहून फिरत असतं तर खालचा थर पुढं गेला असता. गेला वरचा, म्हणजे हातच ढकलत होते. मग हात सरकला की कलणारी काडी बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लावली, आणि टेबल फिरायचं थांबलं. तेव्हा "हे खोटं आहे" असं तू म्हणतेस, त्या वेळी त्या माणसाच्या हाताला जाणवलेली गोष्ट नाकारतेस. तो तुझं का ऐकेल?

दुसरं, त्याचं पाणी लागतंही. आपल्याकडं काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली कुठं मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा खडक, तर कुठं काळा पाषाण. मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत पाणी असतं, एकसंध पाषाणात नसतं. ओढ्याकाठच्या सखल रानात डोळे मिटून बोअर घेतला तरी बऱ्याचदा पाणी लागेल. माळावर मात्र दोनशे फूट नुसता फुफाटा उडतो. शिवाय जुन्या पाणाड्याची नजर चांगली असते. उंबर, वारूळ, उन्हाळ्यातही हिरवा राहणारा पट्टा तो हेरतो. वराहमिहिरानं बृहत्संहिता या प्राचीन ग्रंथात झाडं आणि वारुळं यांवरून पाण्याचा अंदाज सांगितलाय, ते निरीक्षणच आहे. नजर त्याची आणि श्रेय नारळाचं, एवढाच घोटाळा.

आता लोक का सोडत नाहीत ते बघ. बोअरसाठी सोनं गहाण पडलेलं असतं. भावकीसमोर पूजा झालेली असते. पाणाडी बहुधा सोयऱ्यातला. बोअर कोरडा गेला आणि "नारळात काही नसतं" हे मानलं, तर पैसा बुडाल्याचं दुःख राहतंच, वर आपण येडे ठरलो हेही कबूल करावं लागतं, आणि सोयऱ्याचं तोंडही बघायचं असतं. त्यापेक्षा "बोअरची गाडी अर्धा फूट सरकून लागली", "झरा होता, पण शेजाऱ्यानं ओढला", "विटाळ झाला" हे स्वस्त पडतं. तुझा पॉइंट, म्हणजे मशीननं काढलेली जागा, फेल गेला की मात्र एकच कारण असतं, मशीनवाल्यांना काही कळत नाही!

हे अडाण्यांचं काम समजू नको. 1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ सरकारी पैशानं पाणाड्यांची चाचणी झाली. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाईप गाड्यावरून दहा मीटरच्या रेषेत कुठंही सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यानं त्याची जागा सांगायची. सुमारे 500 जणांतून निवडलेले 43 जण, 843 चाचण्या. चाचणी घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीच निष्कर्ष काढला, की बहुतेकांना जमत नाही, पण काही थोड्यांत विद्या आहे. पुढं अमेरिकेतले शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. त्या थोड्यांनाही पुढच्या फेरीत तोच नेम साधला नव्हता, आकडे नशिबाच्या खेळाएवढेच होते. चाचणी घेणाऱ्यांकडं पदव्या होत्या, आकडे हातात होते, तरीही असं झालं.

म्हणून पारावर, चार माणसांत हा विषय काढू नको. तिथं कोणी मागं सरत नाही. बांधावर, एकट्या माणसाशी बोल. वाद न घालता वही काढ. बोअरची गाडी यायच्या आधी लिहून घ्यायचं: कोणी दाखवला, किती फुटांवर, किती इंच पाणी सांगितलं. "लागलं" कशाला म्हणायचं हेही आधीच ठरव. मी एप्रिलअखेरचं पाणी धरतो, कारण दिवाळीत सगळेच बोअर चालतात. मग पूर्ण गावाची मोजदाद कर, आणि यातच लोक चुकतात, फक्त पाणाड्याचे लागलेले बोअर मोजतात. समज, त्यानं दाखवलेल्या 30 पैकी 18 लागले. भारी वाटतं. पण पाणाड्याला न विचारता घेतलेल्या 10 पैकी 6 लागले असतील, तर दोन्हीकडं दहाला सहाच. हा दुसरा आकडा विचारल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. आणि हा हिशोब त्या शेतकऱ्यालाच करू दे, तू बोट ठेवून दाखवू नको.

पाणाडी स्वतः तयार असला तर त्यानंच निवडलेल्या जागी खिळा जमिनीत पार बुडवून ठेव. मग डोळे बांधून, आडवाटेनं फिरवून पुन्हा दहादा जागा काढायला सांग. किती फुटांची चूक चालेल, डोळे बांधून विद्या चालते का, हे आधी त्याच्याच तोंडून वदवून घे, नाहीतर कारणं मागाहून येतात. चुकला तर हसू नको. उंबर कसा ओळखलात ते विचार, आणि पुढच्या वेळी जागा बघायला त्याला सोबत ने.

वहीत आपलेही फेल पॉइंट लिही. कोरड्या मातीत मशीनच्या रोवलेल्या सळयांभोवती मिठाचं पाणी नीट ओतलं नाही, किंवा तारेचं कुंपण जवळ असलं, की आकडे बिघडतात, आणि "खडकच तसा होता" म्हणायला आपणही तयार असतो. दोनशे पानी वही घे, शंभर पानी एका सीझनलाच संपते.

तुझे,
आप्पा