रविवारी मी कुठे जातो

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पंधरा दिवस झाले, फोनवर तू 'जेवलास का' यापलीकडे बोलत नाहीस. ताईच्या पोराने स्टेटसला ठेवलेला फोटो तू पाहिलास, गाडी हवेत, दोन्ही चाकं सुटलेली. तुझा राग रास्त आहे. आणखी एक आज सांगून टाकतो. गेल्या डिसेंबरात माझं हासळीचं हाड मोडलं ते कंपनीच्या जिन्यावरून पडून नाही, ट्रॅकवर पडून. सहा आठवडे हात गळ्यात होता, तेव्हा तू डिंकाचे लाडू पाठवलेस आणि मी ते खोटं बोलून खाल्ले. चुकलो. माफ करा.

सासवडच्या पुढे एका मित्राचं माळरान आहे, काही पिकत नाही, नुसता मुरूम. तिथे आम्ही आठ जणांनी जेसीबी लावून आठ-नऊशे मीटरचा मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीत उड्या घेत मोटरसायकल पळवायच्या शर्यतीचा, ट्रॅक केला. चार उड्या, सहा वळणं. एक जण शाळेत मास्तर आहे, एकाचं टायरचं दुकान, दोघं माझ्याबरोबर चाकणला. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. जिंकेल त्याने सगळ्यांना मिसळ घालायची, एवढाच नियम. शनिवारी रात्री पाण्याचा टँकर फिरवतो, कारण कोरड्या मुरमावर चाक धरत नाही आणि पुढच्याच्या धुळीत उडीच दिसत नाही. पाणी जास्त झालं की चिखल. ते प्रमाण जमायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला. माझी मोटरसायकल, एक्सपल्स, जुनी घेतलेली आहे, कर्ज काढलेलं नाही.

बाबा, तुम्हाला आठवतं? मी सहावी-सातवीत असताना सुट्टीत तुम्ही मला कराड-चिपळूण गाडीवर न्यायचात. इंजिनाच्या बॉनेटवर बसायचो, बूड भाजायचं, तरी उठायचो नाही. कुंभार्ली घाटात तुम्ही म्हणायचात, "गिअर वळणाआधी टाकायचा, वळणात नाही. आणि नजर चाकाजवळ नको, जिथं जायचं तिथं." पहिल्या दिवशी ट्रॅकवर मी प्रत्येक वळणात आत शिरल्यावर ब्रेक दाबत होतो आणि पुढचं चाक घसरत होतं. तिसऱ्या फेरीत तुमचा आवाज आठवला. ब्रेक आधी संपवला, गिअर आधी टाकला, मान वळवून वळणाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि गाडी वळणाच्या कडेच्या मातीच्या बांधाला धरून आपसूक फिरली. तेवढ्याने डोळे भरून आले होते, हेल्मेटमुळे कुणाला दिसलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. गाडी हवेत असतानाही हातात असते. नाक फार वर गेलं तर मागचा ब्रेक दाबायचा, फिरतं चाक थांबतं आणि पुढची बाजू खाली येते. नाक खाली जायला लागलं तर थ्रॉटल द्यायचा, ते वर येतं. अर्ध्या सेकंदाचं काम. त्या अर्ध्या सेकंदात कंपनी, हप्ते, ऑडिट, काही म्हणजे काही डोक्यात नसतं.

आई, तुझ्या मनात मामा आहे, मला ठाऊक आहे. मामा हायवेवर गेला, समोरून आलेल्या ट्रकखाली. ट्रॅकवर ट्रक नाही, समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेने जातात. तरी यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ साली डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली ती खडतर शर्यत, पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, तोही आधी मोटोक्रॉसच्याच मातीत घडलेला, २०२१ मध्ये त्याच रॅलीत पडला आणि बरेच दिवस बेशुद्ध होता. तो इतका तयारीचा, मग आम्ही कोण? म्हणून छातीचं कवच, मानेचा पट्टा, गुडघ्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय आमच्यात कुणी किक मारत नाही.

माझं हाड मोडलं त्या दिवशी खरी चूक वेगळीच होती. मी उडीच्या पलीकडे पडलो होतो आणि मागून येणाऱ्याला ते दिसायची सोयच नव्हती. मास्तरांची गाडी माझ्यापासून दोन हातांवर उतरली. मला अजून तो आवाज ऐकू येतो. तेव्हापासून प्रत्येक उडीपाशी पिवळा झेंडा घेऊन माणूस उभा असल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. झेंडा हलला की उडी मारायची नाही, कुणाला ओलांडायचं नाही, हळू जायचं. जागामालकाच्या आईने जुनी पिवळी साडी फाडून चार झेंडे शिवून दिलेत.

गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, झेंड्याला माणूस मिळत नाही. पोरं उभी केली की मोबाईल काढतात. बाबा, तुम्ही एकतीस वर्षं रस्त्यावरची नजर हलू दिली नाहीत. तिसऱ्या उडीपाशी, मी पडलो तिथे, तुम्ही उभे राहाल का? लिंबाची सावली आहे, खुर्ची ठेवतो, गुडघ्याला त्रास होणार नाही. तुम्ही तिथे असाल तर मी ती उडी निर्धास्त मारीन.

आई, तू ये किंवा नको येऊ, मी आग्रह करणार नाही. पण हे मी सोडणार नाही, आणि यापुढे लपवणारही नाही. पडलो तर पहिला फोन तुला.

पुढच्या शनिवारी दुपारची गाडी धरा. स्वारगेटला मी घ्यायला येतो, चारचाकी घेऊन.

तुमचा,
धाकटा