आई कुणाला म्हणतोस

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मध्येच बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे. तू म्हणालास, "आई, चहा टाकू?" आणि मी इकडून म्हटलं, "नको रे, आत्ताच झाला." तेवढ्यात मागून विहीणबाई म्हणाल्या, "अर्धा कपच टाक." मग मी फोन ठेवला. असो. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या, अमेरिकन कवी एडगर ॲलन पोच्या घराचा फोटो मोठा करून पाहिला. केवढंसं घर! 1847 च्या जानेवारीत त्याची बायको व्हर्जिनिया तिथेच क्षयाने गेली, अवघी चोवीस वर्षांची. भेटायला गेलेल्या एका बाईने लिहून ठेवलंय: गवताची गादी, अंगावर नवऱ्याचा कोट, छातीवर उबेला मांजर. हात नवऱ्याने धरलेले, पाय आईने. ती आई म्हणजे मराया क्लेम, पोची सासू. सख्खी आत्याही. 1849 मध्ये, म्हणजे गेला त्याच वर्षी, त्याचं 'टू माय मदर' हे सुनीत छापून आलं ते या सासूवर. जन्मदात्री एलायझा तो तीन वर्षांचा व्हायच्या आतच वारली होती. तो म्हणतो, ती आई माझ्यापुरती; तू माझ्या लाडकीची आई, म्हणून तू अधिक जवळची. वर्गात मी हे किती प्रेमाने समजावून सांगायचे! परवा पुन्हा वाचलं आणि रागच आला. एलायझाच्या बाजूने कोणी बोलायचं? नाटकांत कामं करून पोरं सांभाळत होती बिचारी.

तुझी एलायझा तर धडधाकट आहे, फक्त गुडघा नवा. नाहीतर आलेच असते ना मी?

गौरीला सव्वा महिना गार पाण्यात हात घालू देऊ नकोस. रात्री बाळ रडलं की तू उठ. "मला सकाळी ऑफिस आहे" हे नानांचं वाक्य आपल्या घरात एकदा झालं तेवढं पुरे. बघ, लागले शिकवायला. तिकडचे डॉक्टर सांगतील तसं करा. पण व्हिडिओत तू बाळाची मान किती नीट धरली होतीस रे! कोणी शिकवलं तुला? की तेही त्यांनीच?

तुझ्या वेळी बापूंच्या आजारपणामुळे माझी आई येऊ शकली नाही. सगळं तुझ्या आजीने केलं. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. धुराने त्यांचेच डोळे लाल. मी मात्र मला माझी आई हवी म्हणून रडत होते. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने माझे पाय कोरडे केले आणि लोकरीचे मोजे चढवले. त्या होत्या तोवर मी त्यांना 'अहो आई' म्हणत राहिले, पण मनातलं 'अहो' काही गळलं नाही. आज ते मोजे आठवतात.

विहीणबाई पहाटे तीनला उठतात म्हणे. या वयात!

डिंकाचे लाडू कुरिअर केलेत. त्यांना साखर चालत नाही, म्हणून छोट्या डब्यात खारकेचे वेगळे आहेत. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय. आणि त्यांना हाक मारायची तर आधी फोन बंद आहे ना ते बघ. नाहीतर मी परत ओ देईन.

तुझी,
आई