करीच्या दिवशी कुत्र्यापुढे टाकलेली कलेजी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळा तोंडावर आला म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, करीनंतर लिहून काही उपयोग नाही. करीच्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गल्लीगल्लीत बकरं कापतात, वाटे पडतात, आणि कलेजीला एखादी पांढरी पाण्याची गाठ दिसली की कापणारा तेवढा तुकडा छाटून बाजूला फेकतो. तिथं कुत्रे बसलेलेच असतात, तुकडा जमिनीला लागायच्या आत गायब. लहानपणापासून हेच पाहत आलो आणि मीही हेच केलं.

मागच्या वर्षी आमच्या कळपातली एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, मान एका बाजूला वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. चारा समोर असून तोंड लावायची नाही, मधेच भिंतीला डोकं टेकून तासभर उभी. गावात याला चक्री म्हणतात, कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं वावरात फवारलेलं काही खाल्लं असेल. शेवटी ती पडलीच तेव्हा कापली आणि डोकं फोडून पाहिलं तर मेंदूवर लिंबाएवढा फुगा, एकदम पातळ पडद्याचा, आत नितळ पाणी, आणि पडद्याला आतून पांढऱ्या बारीक ठिपक्यांचे पुंजके. ते डोकं मी स्वतःच्या हातानं आमच्या मोत्यापुढे टाकलं.

नंतर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले अरे त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेका पट्टकृमीचं डोकं, कुत्र्याच्या आतड्यात गेलं की तिथं चिकटतं आणि हातभर लांब चपटा जंत होतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बांधावर, गवतावर पडतात, तेच गवत बकरी खाते आणि अंड्यातली अळी रक्तातून थेट तिच्या मेंदूत जाऊन बसते. कुत्र्यात जंत, बकरीत फुगा, फुगा परत कुत्र्याच्या पोटात. बकरीच्या मेंदूतला फुगा आपोआप कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही साहेब, तो पोहोचवायचं काम आपण करतो. त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही.

कलेजी-फुप्फुसातली गाठ तर त्याहून वाईट. तो जंत वेगळा, कुत्र्यात असताना जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा, म्हणून विष्ठेत कोणाला दिसत नाही आणि कुत्रं धडधाकट असतं. पण त्याची अंडी बाहेर पडल्या पडल्या लागण करू शकतात, कुत्रं आपलं अंग चाटतं, अंडी केसाला लागतात, पोट्टे त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याच हातानं भाकर खातात. मग बकरीसारखीच गाठ माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते, दुखेपर्यंत पत्ता लागत नाही आणि बऱ्याच वेळा ऑपरेशनच करावं लागतं. आता यातली खरी गोष्ट ऐका, ती गाठ माणसाच्या खाण्यात आली तर हा रोग होत नाही, तो होतो कुत्र्याच्या मार्फत. म्हणजे आपण भिऊन जी गाठ खात नाही तीच कुत्र्याला देतो आणि धोका नेमका तिथूनच घरात येतो.

पिल्लांची गोष्ट अजून वेगळी. मोत्याच्या बहिणीला पाच पिल्लं झाली, तीन आठवड्यांत पोटं नगाऱ्यासारखी आणि बरगड्या उघड्या, एकानं तर ओकारीत शेवयांचा गुंता काढावा तसे जिवंत वळवळणारे जंत काढले. मी एका मेडिकलवरून बकरीचं जंताचं औषध आणलं, देणाऱ्यानं वजन विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, अंदाजानं पाजलं. तीन पिल्लं गेली. औषधानं गेली की जंतानं, मला आजही सांगता येत नाही. हे गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध लागतं, पिल्लांसोबत आईलाही. कोणी लसूण-गुळ सांगितला तर ऐकू नका, लसूण-कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं.

या गोल जंताची अंडी अंगणातल्या मातीत काही आठवड्यांत पिकतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. लहान पोरानं माती खाल्ली की अळी त्याच्या पोटात मोठी होत नाही, पण लिव्हरमध्ये, कधी डोळ्यात जाऊन बसते, नजर जाऊ शकते. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची जंताची गोळी देतात ते चांगलंच आहे, पण ती माणसाच्या जंतांसाठी आहे, कुत्र्याकडून आलेल्या या अळीचं एका गोळीत काम होत नाही. म्हणून गोळी कुत्र्यालाही पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य रोग दिनाला आमच्याकडे रेबीजची लस टोचतात, त्याच वेळी कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी द्या, कारण चपटा जंत साध्या गोळीनं मरत नाही. बाजारात मिळणारी नेहमीची गोळी १० किलोला १ अशी असते, पण वजन करूनच, डॉक्टरांना विचारूनच. ग्रामपंचायतीनं गावठाणातल्या कुत्र्यांसाठीही खर्च करावा. माफसू, म्हणजे राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ, नागपुरातच आहे, नागपूर-अकोल्याला व्हेटर्नरीचे विद्यार्थी आहेत, त्यांनी करीच्या आधी गावात येऊन एक कापलेली गाठ लोकांना नुसती उघडून दाखवली तरी पुरे. आणि गोळी देऊन परत कच्ची कलेजी टाकली तर दीड महिन्यात कुत्रं पुन्हा अंडी टाकायला लागतं, द्यायचीच असेल तर अर्धा तास खळखळ उकळून द्या.

यंदाचा ६ जुलै तर गेला. आमच्या गल्लीत मी करीच्या आदल्या दिवशी कमरेएवढा खड्डा खणणार आहे, गाठी आणि टाकाऊ सगळं त्यात, वर माती आणि दगड, आणि बकरं कापून होईपर्यंत मोत्या गोठ्यात बांधलेला. शेजारच्या दोन घरांनी हो म्हटलंय.

आपला,
एक बकरीपालक शेतकरी, जि. यवतमाळ