अजू, फॉर्म भर, पण आधी हे वाच

चि. अजू,

काल फोन मीच कापला. रेंज वगैरे काही गेली नव्हती. तू परत दोनदा लावलास तेव्हा मी ओट्याशीच उभी होते, वाजणारा फोन बघत होते, पण उचलला असता तर परत तेच बोलले असते म्हणून नाही उचलला. आता लिहितेय, लिहिताना तरी माझा आवाज चढणार नाही.

तू ज्याचा फॉर्म भरतोयस, त्या वस्तीतल्या स्वयंसेवक कामाची तू पाठवलेली पीडीएफ मी पूर्ण वाचली, दोनदा. पहिल्यांदा रागात वाचली, दुसऱ्यांदा दुपारी चष्मा लावून नीट. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आणि मग वर्षभर दर रविवारी वस्तीत जायचं. कायद्याची माहिती, नशेच्या नादी लागलेली पोरं, ऑनलाइन फसवणूक, भांडण वाढायच्या आत थांबवणं, अशा गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना ठेवतात त्या निरीक्षण गृहाला भेट. पोलिसांना मदत करणाऱ्या पोलीस मित्रासारखंच पण तुमच्या वयाच्या पोरांसाठी, असं मी समजले. चुकत असेन तर सांग. एक गोष्ट मला नवीन कळली, की अठराच्या आतल्या पोराला आरोपी म्हणायचं नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं आणि त्याचं नाव कुठं छापायचं नाही. केवढा मोठा शब्द आहे. पण आपल्या गल्लीतल्या पक्याला त्या वेळी कुणी असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, सगळे त्याला काय काय म्हणायचे ते तुला माहितीय. तू फॉर्मात त्याच्याबद्दलच लिहिलंयस ते मी वाचलं. त्याला मी डबा द्यायचे तेही लिहिलंस. मला वाटलं नव्हतं तुझ्या लक्षात असेल.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की तू मध्ये पडू नकोस. शिक, कायदा शिक, सर्टिफिकेट घे, वस्तीतल्या पोरांना शिकव, खेळव, पण दोघं भांडत असतील तर मध्ये पडायचं नाही. तू काल म्हणालास आई, मध्ये कधी आणि कसं पडायचं हेच तर शिकवतात. ते मला कळतं रे. पण पुण्यात आता पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात कोयते असतात हे पेपरात येतं, मी रोज वाचते, आणि वाचताना ती जागा तुझ्या रूमपासून किती लांब आहे ते मॅपवर बघते. जून २०२३ ला सदाशिव पेठेत त्या कॉलेजच्या पोरीमागे एक जण कोयता घेऊन धावला आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरानं तो कोयता धरला, तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास, खाली लिहिलं होतंस "आई बघ". मी बघितला. सगळ्या बिल्डिंगला दाखवला. आणि त्या पोराच्या आईला कसं वाटलं असेल याचा विचार करत रात्रभर जागी होते. तुला मी तेव्हा फक्त अंगठा पाठवला.

आता म्हणशील की आई आमचं काम कोयता धरायचं नाहीये, ११२ ला फोन करायचंय. हो. तेच कर. आधी लांब हो, मग फोन कर, जागा नीट सांग, जवळची खूण सांग. तिथं एकटा जाऊ नकोस, रविवार संध्याकाळी तर नाहीच, आणि वस्तीतल्या कुणाशी उधारीचे व्यवहार करू नकोस, कुणाची गाडी चालवायला घेऊ नकोस, कुणी पार्सल ठेव म्हणालं तर ठेवू नकोस, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचं नाव लिहू नकोस, कारण लोक लगेच खबरी म्हणतात आणि एकदा ते चिकटलं की निघत नाही. बघ, सुरू झालं माझं. सॉरी. पप्पा शेजारी बसून म्हणतायत की पत्र लिहितेयस का नोटीस.

पप्पांवरून आठवलं. आठवलं कसलं, कालपासून तेच डोक्यात आहे.

तू फॉर्मात पक्याचं लिहिलंस पण पप्पांचं एक अक्षर नाही लिहिलं. कदाचित तुला नीट माहितीच नाही, कारण आम्ही सांगितलं नाही. मे १९८४ च्या भिवंडीच्या दंगलीत मोठ्या काकांचे चार कापडाचे माग जळाले, ते तुला माहितीय. माझं तेव्हा लग्न नव्हतं झालेलं, मी पडघ्याला होते, शाळेत. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा घरात त्या जळालेल्या मागाचा एक लोखंडी तुकडा होता, तुझी आजी त्याच्यावर कुंड्या ठेवायची. मग ८८ ला खोपडे साहेब डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. सत्तरएक कमिट्या होत्या गावात, प्रत्येकीत अर्धे हिंदू अर्धे मुसलमान आणि सोबत पोलीस ठाण्याचा माणूस. पप्पा तेव्हा मागाच्या कारखान्यात मेहताजी म्हणजे कारकून म्हणून नवीनच लागले होते, दिवसभर कापडाचे तागे मोजायचे, सुताचं बीम कधी उतरलं ते लिहायचे आणि रात्री मिटिंगला. त्यांना कुणी ट्रेनिंग नाही दिलं. आधी सगळे एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत म्हणे, मग गटार, पाणी, नळावरची भांडणं, असल्या गोष्टींवर बोलायला लागले आणि त्यातून ओळखी झाल्या. साहेबांचं म्हणणं हेच होतं म्हणतात पप्पा, की दंगलीच्या दिवशी ओळख करून घेता येत नाही, ती आधी लागते.

डिसेंबर १९९२ ला दादा माझ्या पोटात होता, सातवा महिना. मुंबई पेटली. सगळ्यांना वाटत होतं आता भिवंडीचं काय, कारण भिवंडीचं नाव आधीच खराब, ७० ची दंगल, ८४ ची दंगल. आणि भिवंडीत काही झालं नाही. डिसेंबरातही नाही, जानेवारीतही नाही. लोकांना हे आता एक वाक्य वाटतं. मला त्या रात्री आठवतात. पप्पा, अन्सारी चाचा, आणि ते पद्मशाली आजोबा ज्यांचं नाव मला कधीच नीट म्हणता आलं नाही, हे सगळे नाक्यावर बाकड्यावर बसून असायचे. कुणीतरी पळत यायचं, अमक्या गल्लीत असं झालंय म्हणून. मग एक हिंदू एक मुसलमान असे दोघं जोडीनं तिथं जाऊन बघून यायचे आणि परत येऊन मोठ्यानं सांगायचे की काही नाही झालेलं, घरी जा. एवढंच. रात्रभर हेच. मी खिडकीत. रशिदा चाची भिंतीपलीकडून ठोकायची, दोनदा ठोकलं म्हणजे सगळं ठीक. मी पण दोनदा ठोकायचे. ते ठोकणं मला अजून झोपेत ऐकू येतं कधी कधी.

हे सांगत नाही आम्ही कारण काय सांगणार. पण फॉर्मात लिही रे. तिथं विचारलंय ना की तुमच्या कुटुंबात कुणी सामाजिक काम केलंय का, तू तिथं 'नाही' लिहिलंयस. ते खोड. पप्पांकडे कमिटीची वही आहे अजून, कपाटात खालच्या कप्प्यात, लाइट बिलांच्या खाली. मी फोटो काढून पाठवते. ते हो म्हणणार नाहीत म्हणून विचारत नाहीये.

आणि आता एक गोष्ट, जी मी तुला सांगणार नव्हते. पप्पांच्या भुवईवरची खूण. तुला आणि दादाला सांगितलंय की कारखान्यात माळ्यावरून पडले. खोटं आहे ते. नळावर दोन घरांची मारामारी लागली होती, तुझ्या जन्माच्या किती तरी आधी, आणि पप्पा मध्ये पडले. सतरा वर्षांच्या पोरानं हंड्यानं मारलं. सात टाके. रक्तानं शर्ट एवढा भिजला होता की मी तो धुतलाच नाही, टाकून दिला. पोलीस नाव विचारायला घरी आले तर हे म्हणाले अंधार होता, दिसलं नाही. भरदुपारची वेळ होती. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मला वाटायचं तुम्हाला बायको-पोरापेक्षा ते पोरगं जवळचं झालं का. ते म्हणाले त्याला आत टाकलं तर तो बाहेर येईल तो आणखी बिघडून येईल, मी त्याच्याशी बोलतो. आणि बोलले. रोज जाऊन बोलले. त्याला सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात तिथं, कामाला लावलं.

तो कोण माहितीय? आपला टेम्पोवाला मामा. ज्यानं तुझं सगळं सामान पुण्याला आणून टाकलं आणि डिझेलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

म्हणजे मी काय म्हणतेय मलाच कळत नाहीये आता. मध्ये पडू नको असं लिहायला बसले होते.

बरं ऐक. पण जुलै २००६ ला याच भिवंडीत जमावानं दोन पोलीस शिपायांना मारलं, तू दोन वर्षांचा होतास. त्या रात्री पप्पा जेवले नाहीत, कमिट्या ढिल्या पडल्या म्हणून हे झालं एवढंच म्हणाले. म्हणून मला भीती वाटते. पोलीस असून त्यांचं असं झालं, तुम्ही तर टी-शर्ट घातलेली पोरं. तुमच्याबरोबर वस्तीत कोण असणार, मोठं माणूस कोण असणार, हे पीडीएफमध्ये कुठंच नाहीये. हे त्यांना विचार. लाजू नकोस. विचार की आमच्यापैकी कुणाला काही झालं तर दवाखान्याचं कोण बघणार, आणि वस्तीतलं पोरगं आम्हाला काही विश्वासानं सांगेल ते आम्ही चौकीत सांगायचं का नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. पहिल्याच दिवशी विचार. त्यांनी नीट उत्तर दिलं तर माझी काही हरकत नाही.

तू चांगलं करशील हे मला माहितीय. मावशीला त्या खोटे पोलीस बनून फसवणाऱ्या डिजिटल अरेस्टवाल्यांनी व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो, काकांचे तर हात थरथरत होते, आणि तू पुण्यातून फोनवर सांगितलंस की मावशी, कायद्यात असली अटक नसतेच, फोन ठेव, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावायला लावलास. चाळीस हजार गेले पण बाकीचे वाचले. मावशी अजून सगळ्यांना सांगते माझ्या बहिणीच्या पोरानं वाचवलं. मी तिथं गप्प बसते, पण मला किती बरं वाटतं ते तुला नाही कळणार. त्या दिवशी पण तू मध्येच पडला होतास म्हणा.

फक्त रविवारी वस्तीतून निघालास की मेसेज टाकत जा. 'निघालो' एवढंच. नाहीतर दोनदा मिस्ड कॉल दे, मी समजेन.

संमतीपत्रावर सही करून फोटो पाठवतेय. एकविसाव्या वर्षी आईची सही कशाला लागते मला माहीत नाही पण लागते म्हणालास म्हणून. फोटोत माझा अंगठा आलाय कोपऱ्यात, चालत नसेल तर परत काढते. मुदत शुक्रवारची आहे, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही, गुरुवारीच भर. चारित्र्य पडताळणीसाठी आधारवरचा पत्ता इथलाच आहे ना तुझा? इथले पोलीस घरी आले तर चहा करते, घाबरणार नाही.

तुझी,
आई

ता.क. तातडीच्या संपर्कात तू पप्पांचा नंबर टाकलायस. तो काढ आणि माझा टाक. ते गोळी घेऊन दहाला झोपतात आणि फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतो. माझा उशाशी असतो.