वर्सोव्याच्या नाखवा काकांना, इंजिन बंद केल्याबद्दल

काका नमस्कार, तुमची सून फोनवर वाचून दाखवीन म्हणाली होती म्हणून इथेच लिहितेय.

जानेवारी २०१६ मध्ये जुहूला मेलेला ब्राइड्स व्हेल वाहून आला होता ना, तीस फुटांच्या वर असेल, तेव्हा माझी लेक पाच वर्षांची होती, गर्दीत खांद्यावर घेऊन दाखवला तिला. हा मासा नाही गं, आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, असं मी सांगितलं तर म्हणाली, मग आता का घेत नाहीये? ते जे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच, आता दहावीत आहे तरी देवमासा म्हटलं की तिला तो वाळूतलाच आठवायचा.

त्या रविवारी तुम्ही पहाटे आम्हाला नेलंत, लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितलेत आणि आधीच सांगितलंत, देवमाशाचं काय सांगता येत नाय, पण डॉल्फिन असतात. तेही देवमाशांच्याच कुळातले. आणि दिसले की हो! हम्पबॅक डॉल्फिन, राखाडी, पाठीला उंचवटा, आधी चोच वर येते मग पाठ, सावकाश. मुंबईच्या इतक्या जवळ, मागे बिल्डिंगा दिसतायत आणि समोर हे. शेजारची बोट जोरात त्यांच्या मागे निघाली तेव्हा मीसुद्धा म्हटलं चला ना काका, आणि तुम्ही इंजिनच बंद केलंत. "पाठी लागायचं नाय. त्यांना यायचं तर येतील." मग त्या बोटीलाही हात करून थांबवलंत. ते एकमेकांना आणि मासळीला आवाजावरून शोधतात, त्यात आपलं इंजिन म्हणजे कानाशी ढोल, हे मी वाचलं होतं पण त्या क्षणी विसरले होते, तुम्ही नाही विसरलात.

वीसेक मिनिटं नुसत्या लाटा. मग बोटीच्या अगदी बाजूला फुस्स्... एक मोठी आणि तिला चिकटून पिल्लू, त्याचा आवाज एवढासा. लेकीने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, आई, श्वास घेतायत.

इंजिन चालू असतं तर ते ऐकूच आलं नसतं काका. खूप खूप आभार.

डिझेलच्या वर तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, त्यावर मी पुन्हा भांडणार आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली की येतोय, या वेळी माझ्या आईलाही आणतेय, तिला बोट लागते, तेवढं सांभाळून घ्या.