निकोटिनची पुडी आणि हिरडी

महोदय,
'तंबाखू नाही, मग त्रास कसला?' या समजुतीने कॉलेजची मुले निकोटिनची पांढरी पुडी वरच्या ओठाखाली अर्धा-अर्धा तास धरून लोकलने फिरतात. निकोटिन पटकन शोषले जावे म्हणून पुडीत सोडियम कार्बोनेटसारखा क्षार घालतात. जीभ-ओठ चुरचुरतात त्यात त्याचाही वाटा असतो. पुडी रोज एकाच जागी ठेवली की आतली त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली होते. हिरडी मागे सरकली की दाताचे मूळ उघडे पडते, गार पाणी झोंबते. खरा घात पुढेच: निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, सुजलेल्या हिरडीतूनही रक्त कमी येते आणि आजार लपून राहतो. आरशापुढे ओठ उचलून पाहा. पुडी सोडूनही दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दाखवा.

- एक दंतवैद्य, दादर